पडवळाला पांघरूण

आबांनी मागच्या अंगणातल्या मातीत मनगटापर्यंत हात खुपसला, थोडा वेळ तसाच ठेवला, बाहेर काढला आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेले डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

“मुकुंदराव, ही गेलेली आहे.”

“गेलेली नाही, आबा. अजून उठलेली नाही. इथे जमीन जूनमध्ये उठते.”

“आणि अक्षय्य तृतीया?”

“ती पंचांगात आहे.”

“मग झालं तर,” म्हणून आबांनी पुन्हा कुदळ उचलली.

मेचा दुसरा आठवडा होता. एडमंटनमधल्या आमच्या घरामागे, कुंपणाच्या सावलीत, बर्फाचा एक मळका ढिगारा अजून पडून होता. नोटिशीला न जुमानणाऱ्या भाडेकरूसारखा. आबा, म्हणजे माझी बायको हेमांगी हिचे वडील, धोतरावर माझं जुनं जॅकेट आणि त्यावर माकडटोपी अशा वेशात आळं खणत होते. कोकणात अक्षय्य तृतीयेला आळी करतात. गोल खड्डा, त्यात राख, पालापाचोळा, शेणखत, आणि मग पावसाळी वेलींचं बी. त्या दिवशी लावलेलं कधी वाया जात नाही म्हणतात. ज्यांनी हे म्हणून ठेवलं त्यांना उणे चाळीस अंश माहीत नव्हते, त्यांचा दोष नाही.

शेणखत पिशवीतून विकत आणलं होतं. राख बार्बेक्यूमधली काढली होती. आबांनी ती आधी हुंगली आणि सोवळ्याओवळ्याचा विचार करून मग विचार करणं सोडून दिलं.

कुंपणापलीकडून शेजारच्या ओल्गाबाई बघत होत्या. पंचाहत्तरीच्या बाई, युक्रेनकडच्या, टोमॅटोवर पोटच्या पोरांहून जास्त जीव. हातातल्या ट्रेमध्ये त्यांची टोमॅटोची रोपं होती. हल्ली रोज दुपारी त्या ती तासभर बाहेर ठेवत आणि परत आत नेत. त्यांनी आळ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली आणि मला काहीतरी सांगितलं.

“काय म्हणतायत ह्या?” आबांनी विचारलं.

“मेचा लाँग वीकेंड झाल्याशिवाय बाहेर काही लावायचं नाही म्हणतात. रात्री दहिवर गोठून पडतं, सगळं जळतं.”

“हा लाँग वीकेंड कोणाचा सण?”

“राणीचा वाढदिवस.”

“कुठल्या?”

“मेलेल्या. शंभराहून जास्त वर्षं झाली.”

“मग आमच्या तृतीयेनं काय घोडं मारलंय?” आबा म्हणाले. मग ट्रेकडे बोट करून, “आणि ही रोपं सारखी आत-बाहेर का करतायत?”

“सवय लावतात. एकदम बाहेर काढली तर थंडीवाऱ्यानं मरतात. थोडं थोडं बाहेर काढलं की टिकतात.”

“अस्सं,” आबा म्हणाले. “माणसांना मात्र थेट विमानात घालतात.”

तेवढ्यात हेमांगी मफलर घेऊन धावत आली. “आबा, कान! कान झाका आधी!”

“बायो, कान झाकले तर ऐकू कसं येईल?”

“ऐकता कधी पण?”

आबांनी कमरेची तपकिरीची डबी काढली. तिच्यात तपकीर नव्हती, पडवळाच्या बिया होत्या. विमानतळावर अधिकाऱ्यानं ती उघडून नाकाशी नेली होती, सलग शिंकला होता आणि हातानंच ‘जा’ म्हणाला होता. कोकणातल्या हेदवीच्या घरी दर वर्षी हेमांगीच्या आई वेलीवरचं एक पडवळ बी धरायला ठेवायच्या. त्यांनी हातानं वाळवलेलं हे शेवटचं बी. आबांनी पाच बिया आळ्यात लावल्या, वर माती लोटली, ओंजळीनं पाणी घातलं आणि उभे राहून एखादी घोषणा करावी तसं बोलले. जन्मभर ते गुहागर डेपोत एस.टी.चे कंट्रोलर होते. साध्या बोलण्यालाही त्यांच्या फलाटाचा सूर असे.

“बायो, तू सारखी विचारत्येस ना, राहणार का म्हणून? तर ऐक. ही वेल धरली, तर मी इथे कायमचा राहिलो. नाही धरली, तर सप्टेंबरात व्हिसा संपेल त्या दिवशी परत. मग रडायचं नाही, भांडायचं नाही.”

हेमांगीनं आळ्याकडे बघितलं. मग बर्फाच्या ढिगाऱ्याकडे. मग माझ्याकडे. मी विमा कंपनीत आहे. कोण किती दिवस टिकेल याचे अंदाज बांधणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी नजर फिरवली.

“कबूल,” ती म्हणाली.

तिला ‘कबूल’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे सांगायला हवं. आदल्या वर्षीच्या जानेवारीत आई गेल्या. त्या अत्यवस्थ आहेत असा फोन आला तेव्हा हेमांगी तशीच निघाली, आणि हिमवादळानं विमानतळ बंद पडला. दोन दिवस ती तिथल्या खुर्चीवर बसून होती. समोर पाटीवर एकेका विमानापुढे ‘रद्द’ उमटत होतं. ती हेदवीला पोचली तेव्हा सारवलेली जमीन आणि कोपऱ्यातली पणती एवढंच उरलं होतं. आबा तिला म्हणाले, “गाडी चुकते कधीकधी, बायो. त्यात प्रवाशाचा दोष नसतो.” त्यांनी हे समजूत घालायला म्हटलं होतं. हेमांगीनं मात्र त्यातून एवढंच घेतलं, की पुढची गाडी चुकता कामा नये. वर्षभर फोनवर तिचा एकच धोशा होता: आबा, इकडे या. आबा, एकटे राहू नका. आबा, कागद तयार आहेत.

आबा आले. मनगटावरचं घड्याळ मात्र त्यांनी बदललं नाही. ते हेदवीच्याच वेळेवर चालायचं. आमच्या संध्याकाळी जेवताना ते मध्येच थांबून घड्याळ बघत आणि म्हणत, “पहाटेची चिपळूण लागली फलाटाला.” मुलाबाळांची खबर सांगावी इतक्या मायेनं. हेमांगी त्यांना हसायची. मीही हसायचो.

आठवडा गेला. राणीचा वाढदिवसही पार पडला. आळ्यातून काही वर आलं नाही. आबा रोज सकाळी चहा झाला की तिथे जाऊन उभे राहत आणि मान हलवत परत येत. एका संध्याकाळी ते पडल्यापडल्या घोरत होते तेव्हा हेमांगीनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

“सडलं असणार ना रे?”

“कधीच.”

“डबीत अजून आहेत बिया. घरात उगवून घेतल्या असत्या मी. पण डबी कमरेची सुटत नाही त्यांच्या.” ती ओट्याशी गेली आणि सिंकखालचं कपाट उघडून दाखवलं. आत प्लास्टिकच्या कुंडीत एक टवटवीत रोप होतं. दोन जाड बाळपानं, मध्ये एक खरखरीत पान.

“हे काय?”

“काकडी. नर्सरीतून आणलं.”

“हेमा!”

“हळू बोल. कोवळेपणी काय फरक कळतोय?”

“फळं लागल्यावर कळेल.”

“ते ऑगस्टात. तोवर कायमचं राहायचे कागद होतील.”

“आणि पानाला वास नाही आला तर?” पडवळाचं पान चुरडलं की घाणेरडा, उग्र वास येतो, तो एकदा आलेला माणूस विसरत नाही. हे मला तिनंच लग्नानंतर पहिल्यांदा हेदवीला गेलो तेव्हा हातावर पान चोळून शिकवलं होतं.

“चाळीस वर्षं तपकीर ओढलीय त्यांनी. नाक कधीच रिटायर झालंय.” ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. “मला आईचं तोंड बघता आलं नाही, मुकुंद. आबांच्या वेळेला मी इथे आणि ते तिथे, हे मला पुन्हा नाही जमणार. काकडी तर काकडी.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाऊनवर कोट घालून बाहेर गेली. मला झोपेत दार वाजल्याचं कळलं. परत आली तेव्हा तिचे हात बर्फासारखे होते. ते तिनं माझ्या पाठीला लावले, म्हणून पक्कं आठवतं.

सकाळी चहा पिऊन आबा नेहमीसारखे बागेत गेले आणि लवकर परत आलेच नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्ही दोघं बघत होतो. ते वाकले. उभे राहिले. पुन्हा वाकले. मग हात पाठीमागे बांधून कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. आत आले तेव्हा चपला पुसायचं विसरले.

“एक वर आलंय,” ते म्हणाले.

“आबा! बघा! मी म्हटलं नव्हतं?” हेमांगीनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. अभिनय चांगला होता. आनंद खरा होता, म्हणून चांगला होता.

“म्हटलं होतंस,” आबा म्हणाले, आणि रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

चार-पाच दिवसांनी रेडिओवर सांगितलं, की आज रात्री पारा शून्याखाली जाईल, रोपं झाका. हेमांगी तिच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला होती. तिचा फोन आला. “झाकलंत का? नीट झाका. दगड ठेवा कडेला.”

ओल्गाबाईंची सगळी बाग एव्हाना पांढऱ्या चादरींखाली गेली होती. रांगेत खाटा मांडलेल्या वॉर्डासारखी दिसत होती. त्यांनी कुंपणावरून एक फाटकी चादर माझ्याकडे टाकली आणि घड्याळावर बोट आपटलं. आभाळ निरभ्र होतं. इकडे मेअखेरीला जेवणं उरकली तरी ऊन असतं, नुसतं दिसायला. त्यात जीव नसतो. आबा आळ्यापाशी पाटावर बसले होते.

“मुकुंदराव, ह्या झाडाचं नाव काय?”

मी चादरीची घडी उलगडत राहिलो. “पडवळ. तुम्हीच लावलंत की.”

“मी काय लावलं ते मला ठाऊक आहे.” त्यांनी घसा खाकरला. “निघायच्या आदल्या दिवशी चहाच्या भांड्यात उकळत्या पाण्यात टाकल्या मी त्या बिया. चांगल्या पंधरा मिनिटं. मग उन्हात वाळवल्या. उकडलेलं बी हेदवीच्या मातीत उगवत नाही, इथे काय उगवणार?”

चादर माझ्या हातातच राहिली.

“चांगलं बी फडताळात ठेवून आलोय. पुरचुंडी बांधून. परत गेलो की लावायला.” ते रोपाशी बोलत असावेत तसे खाली बघून बोलत होते. “मला तिथेच राहायचंय हो. पडवळाच्या मांडवाखाली. फार काही नाही तिथे, ठाऊक आहे मला. पण सकाळी उठलं की कुठली गाडी कुठे असेल ते समजतं. इथे काहीच समजत नाही.”

“मग तिला तसं सांगायचं सरळ.”

“तुम्ही सांगितलंय कधी तिला ‘नाही’?”

मी चादर झटकली.

“आमच्याकडे तो रिवाजच नाही. आईच्या वेळी ते तसं झालं, आणि वर मी ‘नको तुझं घर’ म्हणायचं? म्हटलं, माणसाचं ‘नाही’ तिला लागेल. जमिनीनं ‘नाही’ म्हटलं तर कोणाशी भांडणार? म्हणून हा सगळा खटाटोप.” ते किंचित हसले. “पोरगी माझ्यावर गेली. तिनंही खटाटोप केला.”

“तुम्हाला कसं—”

“पहाटे जाग येते. खिडकीतून बघत होतो. कोट गुंडाळून गुडघ्यावर बसली होती. लावून झालं तरी उठेना. आळ्याभोवतीची माती अशी थोपटत बसली.” त्यांनी तळव्यानं हवेत दाखवलं. “तिची आई अश्शीच थोपटायची. आवाज न करता. जसं काही आत कोणी निजलंय.”

पलीकडे ओल्गाबाईंनी शेवटची चादर पसरली, आमच्याकडे बघून हात उडवले आणि आत गेल्या.

मी विमावाला. जे दिसलं ते बोलून गेलो. “आबा, आज नाही झाकलं तर सकाळपर्यंत हे काळं पडेल. कोणी काही म्हणणार नाही. आम्ही विसरलो, एवढंच. ती मला बोलेल, मी ऐकून घेईन. तुम्ही सप्टेंबरात हेदवीला.”

आबांनी मनगट वर केलं. घड्याळाकडे बघितलं. कुठली गाडी सुटली ते मात्र त्या दिवशी सांगितलं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरात गेले. मला वाटलं, झालं, ठरलं. मी ओल्गाबाईंची चादर घडी करून काखेत मारली.

आबा परत आले ते त्यांच्या अंथरुणावरची गोधडी घेऊन. आईंच्या जुन्या लुगड्यांची, आईंनीच शिवलेली. दुसरं काही पांघरलं तर त्यांना झोप यायची नाही. हेमांगीनं आणलेली महागाची रजई पायाशी घडी करून पडलेली असे.

“ती चादर पातळ आहे,” ते म्हणाले.

“आबा, भिजेल ती. आणि तुम्ही रात्री काय घ्याल?”

“ती रजई आहे की. आता सवय करायला हवी.”

आम्ही चार काटक्या रोवल्या, वरून गोधडी टाकली, कडेला दगड ठेवले. आबांनी एक कोपरा पुन्हा उचलून आत बघितलं. काकडीचं ते एवढंसं रोप, आईंच्या हिरव्या लुगड्याखाली.

“तिला ह्यातलं काही सांगू नका,” आबा म्हणाले. “शपथ नको. नुसतं सांगू नका.”

सकाळी दहिवरानं गल्ली पांढरी झाली होती. गोधडी कडक झाली होती. उचलली तर पत्र्यासारखी वाजली. खाली रोप हिरवंगार. हेमांगी दारात उभी राहून बघत होती. आबा तिच्याकडे वळले आणि फलाटावरच्या आवाजात म्हणाले,

“धरली हो, बायो. आता काय, राहायला हवं.”

ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. आबा तिच्या पाठीवर थोपटत होते आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मला उद्देशून काहीही नव्हतं. सुटलेल्या गाडीकडे माणूस बघतो तसे ते नुसते बघत होते.

ऑगस्टात काकड्या लागल्या. आबांनी एक हातात घेऊन नीट पाहिली आणि निकाल दिला, “हवेचा दोष. परदेशात पडवळ बुटकंच होतं.” पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दोरीनं दगड बांधतात, तसा त्यांनी त्या वीतभर काकडीलाही बांधला. हेमांगीनं काही न बोलता डाळ घालून तिची भाजी केली. आबांनी दोनदा मागून घेतली. काकडी ही काकडी आहे हे त्या टेबलाशी सगळ्यांना माहीत होतं, आणि आमच्या संसारातली ती बहुधा सगळ्यात आनंदाची संध्याकाळ होती. हेमांगीला वाटलं, आबांनी आपली लबाडी पोटात घातली. म्हणजे त्यांनाही राहायचंच होतं, असं तिनं धरलं. मी पाणी प्यालो.

त्या हिवाळ्यात आबा गेले. फेब्रुवारीत, छातीत कफ होऊन. शेवटच्या दिवशी नर्सनं विचारलं, तुम्ही कुठे आहात हे सांगता येईल का? मी भाषांतर केलं. आबा म्हणाले, “फलाट दोन.” नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे. हेमांगी त्यांचा हात धरून बसलेली होती. तिची गाडी चुकली नाही.

अस्थी घेऊन ती एकटी हेदवीला जाऊन आली. मांडव रिकामा होता. बी धरायला कोणी नव्हतं. आल्यावर बॅग उपसताना तिनं सहज सांगितलं, “फडताळात एक पुरचुंडी होती. उंदरांनी फोडलेली. पडवळाची टरफलं नुसती. आबांनी बी तिथे का ठेवलं असेल रे?”

“राहिलं असेल गडबडीत.”

“आबांचं? गडबडीत?” ती म्हणाली, आणि कपडे काढत राहिली.

एप्रिल संपता संपता तिनं तपकिरीची डबी काढली. या वेळी सगळं शास्त्रशुद्ध. तळघरात ट्यूबलाइट, खाली ऊब देणारी चटई, कागदी पेल्यांत भुसभुशीत माती. एक बी डबीत खूण म्हणून ठेवलं, बाकी सगळं लावलं. रोज कामावरून आली की कोट न काढता खाली जायची. मला वर तिची पावलं ऐकू येत. जाताना भराभर, येताना एकेक. अक्षय्य तृतीया झाली. राणीचा वाढदिवस जवळ आला. पेले तसेच.

“ऊब कमी पडत असेल,” ती म्हणायची. “अजून थोडे दिवस.”

एका शनिवारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी गाडी काढली. नर्सरीत तेच रोप मिळालं: दोन जाड बाळपानं, मध्ये एक खरखरीत. घरी येऊन ते एका पेल्यात लावलं. माती थोपटली. माझी थोपट अगदीच विमा कंपनीची होती, तरी थोपटली.

हेमांगी ओल्या केसांनी खाली आली. पेल्यापाशी थबकली. मी पायऱ्यांवर बसलो होतो.

तिनं ते पान दोन बोटांत धरलं, हलकेच चुरडलं आणि बोटं नाकाशी नेली. तिचं नाक शाबूत आहे. मग तिनं फळीवरची डबी उघडली, राहिलेलं एक बी काढलं, दाताखाली धरून फोडलं आणि ट्यूबलाइटखाली तळहातावर ठेवून बघितलं. चांगल्या बीचा गर पांढरा असतो. हा पिवळट, कडक होता; शिजवून वाळवलेल्या दाण्यासारखा.

ती खालच्या पायरीवर बसली. तळहात तसाच उघडा. वर वॉशिंग मशीन थांबल्याची शिट्टी झाली, ती उठली नाही.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“गोधडी घातली होती ना त्यांनी, त्या रात्री?”

“त्यांनीच.”

तिनं मान हलवली. मग ती उठली, पेल्यात ओंजळीनं पाणी घातलं, तो ट्यूबलाइटच्या मधोमध सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“धरली हो.”

पुढचं वाक्य तिला बोलवेना. आळं खणायला मी कुदळ घेऊन आधी वर गेलो.